पाय कोणी धरला होता

माझी सून हाडं जोडते. अपघातात मोडलेली माणसं तिच्याकडे येतात आणि ती त्यांच्यात रॉड, पट्ट्या, स्क्रू घालून त्यांना पुन्हा उभी करते. हे सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे, म्हातारी थापा मारते आहे की काय अशा नजरेने. सुनेची उंची जेमतेम पाच फूट, आणि पिशवीतून भाजी आणताना खांदा दुखतो म्हणणारी ती. पण माणसाचा आख्खा पाय उचलून धरताना तिचा हात हलत नाही.

ती कशी घडली, तिने संशोधन कसलं केलं आणि त्या संशोधनाने आमच्याच घरात कशी धाड घातली, हे मी लिहायचं ठरवलं, कारण माझा मुलगा ते फार रंगवून सांगतो आणि ती स्वतः तोंड उघडत नाही. मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. रंगवणं माझ्या हातून होणार नाही.

सर्जरी शिकायला आलेल्या मुलीने हाडं निवडली, याचाच तिच्या घरच्यांना पहिला धक्का. डोळे घे, कान घे, बायकांचं बाळंतपण घे, हे सुतारकाम कशाला, असं तिचे वडील म्हणाले. निवड करणारे मोठे सर. त्या विभागाचे प्रमुख, उंचेपुरे, पांढरे केस, बोलणं मोजकं. त्यांनी विचारलं, "ऐंशी किलोच्या माणसाचा पाय धरून उभं राहता येईल?" ती म्हणाली, "तुम्ही आडवे व्हा, धरून दाखवते." आता ती म्हणते की असं काही ती बोललीच नाही, नुसतं "येईल" म्हणाली. तिच्या बरोबरच्या डॉक्टरने मला पहिलं उत्तर सांगितलं. माझा विश्वास त्याच्यावर आहे.

पहिलं वर्ष म्हणजे लोकांचे पाय धरणं. हा टोमणा नाही, कामच ते. मांडीचं हाड मोडलं की स्नायू आखडतात आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर चढतात. ते ओढून जागेवर आणावे लागतात. श्रीमंत हॉस्पिटलांत त्याला खास टेबल असतं, पाय बुटात अडकवायचा आणि दांडा फिरवून ताणायचा. यांच्याकडे टेबल साधं आणि दांड्याच्या जागी सगळ्यांत धाकटा डॉक्टर. त्याने शिशाचा जड एप्रन घालून पायाशी उभं राहायचं, टाच आणि घोटा पकडायचा, आणि सर हाडाच्या पोकळीत रॉड सरकवून वरखाली स्क्रू मारेपर्यंत ओढून धरायचं. सुनेला त्यासाठी पायाखाली स्टूल लागायचं. तिच्या बॅचमध्ये त्या स्टुलाला तिचं सिंहासन म्हणत.

त्याच वर्षी माझा मुलगा मोटरसायकलवरून पडला. उजवी मांडी मधोमध मोडली. त्याचे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी पुन्हा त्याच वासाच्या व्हरांड्यात उभी. खाटेशी ढगळ हिरव्या कपड्यांतली एक पोरगी आली.

"बाळ, जरा डॉक्टरांना बोलाव," मी म्हणाले.

"मी डॉक्टर आहे, काकू."

"मोठ्या डॉक्टरांना."

"ते उद्या ऑपरेशन करतील. मी पाय धरणार आहे."

मी तिच्या मनगटांकडे बघितलं. माझ्या मुलाचा पाय त्या दोन काड्यांच्या भरवशावर सोडायचा, हे मला पचेना. "तुला घरी जेवायला घालतात का?" मी विचारलं. मी घाबरले की उद्धट होते.

"घालतात. पण घरी जायला मिळत नाही," ती म्हणाली, त्याच्या पायाखालची उशी सारखी केली आणि निघून गेली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी खिडकीशी एक्स-रे वर धरला आणि एकच शब्द बोलले, "सुंदर." त्यांच्या मागे उभी असलेली सगळी तरुण मंडळी एकदम हलकी झाली. मलाही सुंदरच दिसला तो. पट्टीने आखल्यासारखा रॉड, दोन्ही तुकडे असे बसलेले की मोड कुठे होती ते शोधावं लागावं.

हाड जुळलं. जुळल्यावरही मुलगा तपासायला जात राहिला. मला वाटलं, पोरगा तब्येतीच्या बाबतीत शहाणा झाला. मग एका रविवारी तो म्हणाला, "आई, ती पाय धरणारी आठवते?"

"ती काडी? तिचं काय?"

"आम्ही लग्न करतोय."

"तिने तुला भूल दिलेल्या अवस्थेत, नळ्या लावलेला, दाढी वाढलेला बघितलंय," मी म्हणाले. "तरी तयार आहे?"

"म्हणून तर म्हणतो, हिच्यापासून लपवायला काही उरलेलं नाही."

लग्नात जो तो म्हणत होता, हिने पाय धरला म्हणून याने हात धरला. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्यालाच सुचलं.

आता चालीबद्दल सांगायला हवं. माझा नवरा पावलं बाहेर टाकून चालायचा, बदकासारखा. लांबून, पाठमोरा, गर्दीत, कुठेही ओळखू यायचा. तो गेला, आणि पुढच्या वर्षी मुलगा अंथरुणातून उठून कुबड्या टाकून पहिल्यांदा खोलीभर चालला, तेव्हा त्याचं पाऊल बाहेर पडत होतं. शेजारीण दारात उभी होती. "अगदी बाबांची चाल," ती म्हणाली आणि आम्ही दोघी रडलो. मी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी रडले. त्यानंतर दहा वर्षं मी ते सगळ्यांना सांगत आले. नवीन सुनेलाही पहिल्याच आठवड्यात सांगितलं, यांच्या घराण्यातले पुरुष असेच चालतात. मुलाच्या ऑफिसात तर त्याला बदकच म्हणतात. संध्याकाळी तो फाटकातून आत येताना मी खिडकीतून बघायची. रोज. खिडकीशी मला दुसरं काही काम नसायचं.

सुनेचं शिक्षण लग्नानंतरही संपेना. एक दिवस फ्रिजमध्ये खाटकाकडची मोठाली हाडं निघाली. ती गॅलरीत शिकंज्यात आवळून सून त्यांवर ड्रिल चालवायची. हाडाच्या पलीकडच्या भिंतीतून टोक बाहेर पडलं की त्याच क्षणी थांबायचं, हे हाताला शिकवायचं असतं. त्यासाठी हाडामागे पाण्याने भरलेला फुगा धरायचा. धरणार कोण, तर मी.

"फुगा फुटला तर?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"तर माणसाची रक्तवाहिनी फुटली."

इतक्या थंडपणे म्हणाली की मी फुगा दोन्ही हातांनी धरला. सुरुवातीला मी कोपरापर्यंत भिजायची. पुढे एकही फुगा फुटेना. खाली सुकत घातलेल्या कपड्यांवर हाडाचा भुगा पडतो अशी तक्रार आली, तेव्हा ती परीक्षा पास झालेली होती.

मग ती दोन वर्षं दुसऱ्या शहरात संशोधनाला गेली. इंजिनीअरांची प्रयोगशाळा होती ती. तिथे यंत्रात हाडं घालून मोडायची. दाबून, वाकवून, आणि मुख्य म्हणजे पिळून. परत आली तेव्हा मी थंडीची रजई काढायला कपाट उघडलं आणि आत मांड्यांची हाडं उभी. मी ओरडले नाही. कपाट बंद केलं, खुर्चीवर बसले, आणि पुन्हा उघडलं. प्लास्टिकची होती. त्यांच्यावर रंगीत रेघा होत्या आणि त्या रेघा वेलीसारख्या गोल फिरत गेल्या होत्या.

"ही काय नक्षी?" मी विचारलं.

"हाड किती पिळलं की मोडतं ते आम्ही मोजत होतो, आई. मोजता मोजता माझ्या मनात आलं, जोडताना किती पिळलं जातं ते कुणी मोजतं का?"

"मोजत असतील की."

"नाही मोजत."

मला वाटलं, नवीन शिकून आलेल्यांना असं वाटतच असतं.

तिने मोठ्या सरांच्या विभागात काम पुन्हा सुरू केलं आणि तोच प्रश्न अभ्यासाला घेतला. मोठ्या सरांनी परवानगी दिली, थोडं हसून. विभागात कायमची एक जागा लवकरच रिकामी होणार होती. सरांचं वजन तिथे भारी, आणि ते तिला म्हणाले होते, तुझीच समज. घरात आम्ही ती मिळाल्यासारखेच बोलत होतो.

अभ्यासाची तिची रीत बघून तिथले लोक चक्रावले. ती तपासणीच्या खोलीत बसेचना. बाहेर लांब व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या यंत्राशेजारी एक बाक आहे, त्यावर जाऊन बसायची. का, तर तिने मला सांगितलं ते असं. रोज सकाळच्या बैठकीत आदल्या दिवशीचे एक्स-रे पडद्यावर लावतात. सगळे फोटो बघतात. पुढे पेशंट तपासायला येतो तेव्हा तो आत येत असताना डॉक्टर त्याचा फोटो पाकिटातून काढत असतो आणि तो बाहेर जात असताना पुढचं पाकीट उघडत असतो. मध्ये पेशंट स्टुलावर बसलेला, पाय टेबलाखाली. म्हणजे ज्या माणसाला चालता यावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याला चालताना या इमारतीत कुणीच बघत नाही.

"म्हणून मी बघते," ती म्हणाली.

मांडीत रॉड घातलेला पेशंट समोरून चालत आला की ती पावलं बघायची. एक पाऊल वेगळं पडतंय असं वाटलं की त्याला गाठून स्कॅनसाठी बोलवायची. पुढे तिने न निवडता सगळ्यांनाच बोलवायला सुरुवात केली, कारण निवडून बोलावलं तर हिशेब खोटा ठरतो. ते मीच तिला सांगितलं होतं. तिने ऐकलं, एवढं खरं.

एका दुपारी ती अशीच बसलेली. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला मोठी खिडकी आहे, तिकडून येणारा माणूस नुसती काळी आकृती दिसतो. एक आकृती आली. उजवं पाऊल भलतंच बाहेर. मनात म्हणाली, हा नक्की. वीस-पंचवीस अंश तरी. कोणाचा पेशंट, असा विचार करत उठली आणि आकृती जवळ आली. हातात तिच्या चष्म्याचं घर होतं. तो घरी विसरलेला चष्मा द्यायला माझा मुलगा आला होता.

त्या संध्याकाळी ती वेळेवर घरी आली, हेच मुळात विचित्र. मी भाजी चिरत होते. मुलगा पेपर चाळत होता. तिने टोपलीतून एक गाजर घेतलं, कट्कन मोडलं आणि दोन तुकड्यांत आरपार एक काडी खुपसून पुन्हा जोडलं.

"आई, कसं जुळलंय?"

"छान."

"समोरून बघा. बाजूने बघा." तिने ते माझ्या नाकासमोर धरलं. खरंच छान होतं. मग तिने वरचा तुकडा घट्ट धरून खालचा हळूच फिरवला. "आता?"

"आताही छानच."

"हो ना? काडी सरळ. तुकडे जुळलेले. फोटो सुंदर. आणि खालचं सगळं फिरलेलं." ती खाली बसली. "रॉड गोल असतो. खालचे स्क्रू बसेपर्यंत पाय त्याच्याभोवती फिरू शकतो. स्क्रू बसले की जसा असेल तसा कायमचा. गुडघा छताकडे आहे ना, हे बघायचं असतं. पण गुडघा कापडाखाली असतो आणि सगळ्यांचे डोळे एक्स-रेच्या पडद्यावर."

"बरं मग?" मुलगा म्हणाला.

"तुझा पाय फिरलेला आहे."

मी सुरी खाली ठेवली. "त्याची चालच तशी आहे," मी म्हणाले. "त्याच्या बाबांची."

ती माझ्याकडे बघेना. "आई, बाबांचा तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे ना, तो मी आज चारदा बघितला. बाबांची दोन्ही पावलं बाहेर पडतात." ती थांबली. "याचं एकच पडतं."

माझं आयुष्य आकृत्या बघण्यात गेलं. फळ्यावरच्या त्रिकोणाची एक बाजू जरा कलली तरी मला शेवटच्या बाकावरून दिसायची. आणि दहा वर्षं रोज संध्याकाळी फाटकातून येणारा माझा मुलगा. एकच पाऊल. मी त्याला म्हणाले, "ऊठ. चाल." तो स्वयंपाकघरातून दारापर्यंत गेला आणि परत आला. डावं पाऊल सरळ माझ्याकडे येत होतं आणि उजवं भिंतीकडे निघालं होतं.

"म्हणजे ते माझ्या गुडघ्याचं दुखणं..." मुलगा म्हणाला.

"हो."

"तू मला वजन कमी कर म्हणत होतीस."

"ते करच," ती म्हणाली, आणि मग ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. "मी धरला होता तो पाय. मीच. हात भरून आले म्हणून मध्येच पकड बदलली होती. मला आठवतंय. सगळं आठवतंय."

स्कॅन झाला. दोन पायांतला फरक सव्वीस अंश. दहा-बारापर्यंत चालतं म्हणतात, निसर्गही कोनमापक घेऊन बसत नाही. सव्वीस चालत नाही. अजून तरुण आहे, आत्ताच हाड पुन्हा कापून सरळ केलं नाही तर गुडघा झिजत जाणार. आणि बाकीच्यांचाही हिशेब तिने केला. तिने मोजलेल्या पायांत चारांतला एक असाच फिरलेला. त्यात सरांचे पेशंट होते, बाकीच्या मोठ्या डॉक्टरांचे होते, तिचे स्वतःचे दोन होते.

मी सरळ सांगितलं. "दुसऱ्या गावात जा. गुपचूप ऑपरेशन करून घ्या. तुझी जागा पक्की होऊ दे, मग हवं तेवढं संशोधन छाप."

"आणि याचा स्कॅन अभ्यासातून काढून टाकू?"

"एकाने काय फरक पडतो?"

"हे तुम्ही म्हणताय?"

निवडून घेतलं तर हिशेब खोटा ठरतो, हे मीच तिला सांगितलं होतं.

"आई, बाकीच्यांना गुडघा दुखतोय म्हणून गोळ्या लिहून देतात. त्यांना वाटतं, अपघात झाला, एवढं चालायचंच. त्यांच्या घरात कुणी बाकावर बसून बघणारं नाही." मग नवऱ्याकडे वळली. "पण पाय तुझा आहे. तू नको म्हणालास तर तुझा फोटो लावणार नाही."

मुलगा म्हणाला, "लाव. नाव झाकून लाव म्हणजे झालं. ऑफिसात आधीच बदक म्हणतात."

त्या सकाळच्या बैठकीत मी नव्हते. पण तिच्याबरोबरच्या त्याच डॉक्टरने, ज्याने मला तिचं पहिलं उत्तर सांगितलं होतं, शब्द न् शब्द सांगितला, आणि या वेळी तिने तो नाकारला नाही.

तिने जुना एक्स-रे पडद्यावर लावला. नाव झाकलेलं. सर म्हणाले, "सुंदर. कोणाचा?"

"तुमचा, सर."

खोलीत हशा झाला. मग तिने पुढचं चित्र लावलं, दोन्ही मांड्यांचा स्कॅन, वरचा कोन, खालचा कोन. हशा थांबला. तिथे बसलेल्या कुणालाही ते समजावून सांगायची गरज नव्हती.

सरांनी दोन्ही कोन पुन्हा वाचले. मग त्यांनी विचारलं, "पाय कोणी धरला होता?"

हा त्या विभागातला जुना रिवाज. काही वाकडं झालं की पहिला प्रश्न हाच. सर्वांत धाकट्याचं नाव येतं, तो मान खाली घालतो आणि बैठक पुढच्या फोटोवर जाते.

"मी," सून म्हणाली.

खोलीतले लोक सैल झाले. उत्तर मिळालं होतं. पुढचा फोटो लावायला कुणीतरी हातही उचलला. पण तिने उरलेलं सगळं पडद्यावर आणलं. चारांतला एक. वेगवेगळे डॉक्टर, वेगवेगळी सालं.

"हे सगळे पाय तूच धरले होतेस?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

सर उठले आणि बाहेर गेले. इतक्या वर्षांत ते बैठक अर्धी टाकून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यानंतर लोक तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. एका मोठ्या डॉक्टरने तिला जिन्यात गाठून विचारलं, स्वतःच्या नवऱ्याला सरळ करायला सगळ्यांना वाकडं ठरवायची काय गरज होती. नाव झाकलेलं असून कळलं होतं. हॉस्पिटलात काय झाकून राहतं?

आठवड्याने सकाळी दारावरची बेल वाजली. मी उघडलं तर मोठे सर. एकटेच. हातात पाकीट नाही, बॅग नाही. मी म्हणाले, "चप्पल इथे काढा."

त्यांनी काढली. सून आतून आली आणि भिंतीशी उभी राहिली, जणू ते तिचंच घर नव्हे. सर मुलाला म्हणाले, "जरा चालून दाखवाल?" आमच्या मजल्यावर घरांसमोर लांब गॅलरी आहे. मुलगा टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. शेजारीण दार किलकिलं करून बघत होती. सर पुन्हा म्हणाले, "आणखी एकदा." तो आणखी एकदा गेला. सर चक्क जमिनीवर उकिडवे बसले आणि पावलांच्या उंचीवरून बघत राहिले.

"तुम्ही मला भेटला होतात," मी त्यांना म्हणाले. "खिडकीपाशी. सुंदर म्हणाला होतात."

त्यांनी मान वर केली. "बाई, मला तुमचा मुलगा आठवत नाही," ते म्हणाले. "खरंच नाही. फोटो आठवतो. तो मी अजूनही शिकवताना दाखवतो."

मला राग यायला हवा होता. पण मी इतकी हबकले होते की चहा विचारायचंही राहून गेलं. एवढा मोठा माणूस उकिडवा बसून हे सांगतो, त्याला कोणत्या तोंडाने फटकारायचं?

ते उठले, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मुलाला म्हणाले, "तुम्हाला चालणार असेल तर मी परत करीन. नाहीतर चांगलं नाव सुचवतो, तिकडे जा. रागावणार नाही."

मुलाने बायकोकडे बघितलं. "तुम्हीच करा," तो म्हणाला.

"मग पाय हिने धरायचा," सर म्हणाले.

"सर, मी त्याची बायको आहे," सून म्हणाली. "घरच्या माणसाच्या ऑपरेशनला नसतात."

"कापायला नसतात. पाय धर. तू गुडघा बघून हो म्हणेपर्यंत मी स्क्रूला हात लावणार नाही."

आणि तसंच झालं. मला तिने आधी कागदावर आकृती काढून दाखवली होती. कापायच्या जागेच्या वर एक बारीक तार, खाली एक, दोन्हींमध्ये बरोबर सव्वीस अंशांचा कोन. हाड कापलं की खालचा भाग फिरवत न्यायचा. तारा समांतर झाल्या की पाय सरळ. इतकी स्वच्छ भूमिती माणसाच्या मांडीत चालते, हे बघून मी थक्क झाले आणि पुढच्याच क्षणी ती मांडी कोणाची ते आठवून कागद उलटा ठेवला. ऑपरेशनच्या दिवशी सरांनी गुडघ्यावरचं कापड आधीच काढायला लावलं. स्टूल आणलं गेलं. तारा समांतर झाल्यावर सर थांबले आणि विचारलं, "दिसतोय?" ती म्हणाली, "नाही. अजून थोडा." सगळं थिएटर थांबलं. तिने पाय केसभर आत घेतला, डोकं खाली करून गुडघ्याच्या रेषेत बघितलं, दुसऱ्या पायाशी ताडून बघितलं. मग म्हणाली, "आता."

आता तिथे कुठलीही मांडी असो, स्क्रूच्या आधी कापड निघतं आणि सर्वांत धाकट्याने मोठ्याने हो म्हटल्याशिवाय काम पुढे जात नाही. सरांनी तो नियमच केला. कायमची जागा मात्र तिला मिळाली नाही. सरांनी तिच्या बाजूने मत दिलं, पण निवडणारे ते एकटे नव्हते, आणि बाकीच्यांचे पेशंट त्या चारांतल्या एकात होते. जागा एका उंच, हसऱ्या मुलाला गेली. तो बैठकीत काही बोलत नाही. सून वर्षावर्षाच्या करारावर आहे. मी तिला म्हणाले, असल्या लोकांच्या तोंडावर राजीनामा मार. ती म्हणाली, "बाक तिथे आहे ना, आई."

मुलगा काठी सोडून चालणार होता त्या दिवशी मी तिच्याबरोबर त्याच बाकावर बसले होते. पाण्याचं यंत्र कानाशी घरघरत होतं. पलीकडच्या टोकाला, त्या मोठ्या खिडकीच्या उजेडात, एक काळी आकृती निघाली. मी पावलांकडे बघत होते. उजवं पाऊल बाहेर पडेल म्हणून वाट बघत होते. ते पडलं नाही. पुढचंही नाही. दोन्ही पावलं सरळ माझ्याकडे येत होती आणि मला तो माणूस ओळखू येईना.

माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा बारा वर्षं होत आली होती. तो गेला, हे मला त्या व्हरांड्यात कळलं.

सुनेने माझ्या हातावर हात ठेवला. माझ्याकडे बघत मात्र नव्हती, तिचे डोळे पावलांवरच. "गुडघा समोर," ती हळूच म्हणाली. "दोन्ही."

मुलगा जवळ आला, धापा टाकत, खूश. "काय मग, कसा चालतोय?"

"परक्यासारखा," मी म्हणाले. "बस इथे. पाणी पी."